डोकी किती, खोडं किती

३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत तेवीस गावं सामील झाली आणि क्षेत्रफळाच्या हिशेबात पुण्यानं मुंबईला मागं टाकलं. त्या यादीत खडकवासला होतं. शेजारची किरकटवाडी, नांदेड, नांदोशीही होती. आदेश निघाला तेव्हा इथल्या कुणाला धक्का बसला असेल असं वाटत नाही. धायरी फाट्यापासून धरणापर्यंत शहर केव्हाच राहायला आलं होतं. आदेशानं फक्त घरपट्टीचं बिल कुठून यायचं ते बदललं.

धरणाजवळ उभं राहिलं की पलीकडच्या काठाला एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, गच्च झाडी दिसते. दक्षिणेला सिंहगड, त्याच्या अंगावर वनखात्याची रोपवनं आणि मधूनमधून उघडे पडलेले उतार. पाठीमागं, पुण्याच्या बाजूला, बारा-बारा मजल्यांच्या इमारती. ‘लोकसंख्या वाढली की जंगल संपतं’ हे वाक्य शाळेतल्या निबंधापासून आपल्या तोंडात बसलेलं आहे. ते पारखून बघायला याहून सोयीची जागा पुणे जिल्ह्यात नसावी.

त्यासाठी मी दोन माणसं रचली आहेत. त्यांची मतं रचावी लागली नाहीत, ती सिंहगड रस्त्यावर रोज ऐकू येतात. बाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. हयात नारायण पेठेत गेली. १९८१, १९९१ आणि २००१ अशा तीन जनगणनांना प्रगणक म्हणून दारोदार फिरल्या. अण्णा पानशेतच्या पुढचे, शिरकोलीच्या वरच्या अंगाचे. वनरक्षक म्हणून लागले आणि वनपाल म्हणून निवृत्त झाले. एकीनं डोकी मोजली, दुसऱ्यानं खोडं. दोघं एकमेकांचे विहीण-व्याही आहेत. अण्णांचा मुलगा आणि बाईंची मुलगी किरकटवाडीत राहतात, त्यामुळे भांडण कितीही तापलं तरी मर्यादा सुटत नाही. रविवारची संध्याकाळ आहे, चौपाटीवर कणसं भाजली जातायत आणि गाड्यांची रांग हलत नाहीये.

बाई: बघा ही रांग, अण्णा. नांदेड फाट्यापासून इथवर यायला पाऊण तास लागला. लोकसंख्यावाढ म्हणजे काय, ते शिकवायला मुलांना इथंच आणायला हवं होतं.

अण्णा: ही लोकसंख्या नव्हे, बाई. हा रविवार आहे.

बाई: हसण्यावारी नेऊ नका. २००१ ला आम्ही मोजलं तेव्हा महापालिकेच्या हद्दीत २५ लाख ३८ हजार माणसं होती. २०११ ला ३१ लाख २४ हजार झाली. त्यानंतर मोजलेलंच नाही. २०२१ ची जनगणना राहिली ती राहिलीच, आता २०२७ ची वाट बघायची. मोजलं नाही म्हणून माणसं यायची थांबली का? प्रत्येकाला घर हवं, पाणी हवं, रस्ता हवा. जमीन तर ताणता येत नाही. ती शेतातून येणार, नाहीतर रानातून.

अण्णा: इथं शेतातून आली. नांदेड सिटी उभी आहे तिथं मळे होते. आपली पोरं राहतात तिथंही शेतीच होती.

बाई: आज शेत गेलं, उद्या रान जाईल.

अण्णा: क्रम उलटा झालाय तुमचा. आमच्या आंबी नदीच्या खोऱ्यातलं रान आधी गेलं. तेव्हा पुणं आजच्या पाव हिश्श्याचंही नव्हतं. आणि आमच्या खोऱ्यात माणसं वाढत नव्हती, उठवली जात होती.

बाई: पण तुमच्याकडे राबासाठी झाडं तोडायची पद्धत होतीच की. मी स्वतः शिकवलंय ते.

अण्णा: काय शिकवलंत?

बाई: हेच, की डोंगरातले शेतकरी फांद्या तोडून वाफ्यावर जाळतात, त्यावर नाचणी-भाताची रोपं करतात आणि त्यामुळे जंगलाचा ऱ्हास होतो.

अण्णा: राब फांदीचा असतो, खोडाचा नाही. ऐन छाटला की पुन्हा फुटतो. दरवर्षी छाटून तीच झाडं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या वापरली. खोड तोडलं तर पुढच्या वर्षी राब कशाचा करणार? हिरड्याला तर कुऱ्हाड लावायची बातच नव्हती. हिरडा विकून मीठ-कापड व्हायचं. आमच्याकडचे पुष्कळसे डोंगर मालकीचे, सरकारी राखीव रान त्यामानानं थोडं. म्हणजे अडवणारं कुणी नसतानाही झाडं उभी होती.

बाई: मग गेली कशानं?

अण्णा: पानशेतचं काम निघालं आणि रस्ता आला. धरणानं खालची भातखाचरं घेतली. काही घरांना दौंडकडे जमिनी दिल्या, काही घरं नुसतीच वर सरकली, डोंगराच्या अंगावर. पिकाऊ जमीन बुडालेली, हातात पैसा नाही, आणि बांधावर मालकीची झाडं. अशा वेळी रस्त्यानं व्यापारी आला. त्यानं झाडाला भाव केला. आज सांगितला तर तुम्हाला खोटा वाटेल. भट्ट्या लावायला कातकरी आणले. ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, सगळ्याचा कोळसा झाला आणि ट्रकनं याच रस्त्यानं गेला. मी पोरगा होतो. हिरडा पडताना आजी घरात जाऊन बसली होती, एवढं आठवतं.

अण्णांच्या तोंडी घातलेली ही कहाणी माझ्या पदरची नाही. माधव गाडगीळ सत्तरच्या दशकात या खोऱ्यांतून हिंडत होते, वा. द. वर्तकांबरोबर त्यांनी इथल्या देवरायांची पाहणी केली, आणि १९७९ साली सह्याद्रीतल्या डोंगर, धरणं आणि जंगलांवर जो निबंध लिहिला त्यात हाच क्रम मांडला आहे: धरण, रस्ता, कोळसा, उघडा उतार. १९६४ साली राज्यानं मालकीच्या झाडांच्या तोडीवर नियमन आणणारा कायदा केला. परवानगी घ्यावी लागेल एवढं त्यानं झालं. परवानगी मिळवणारे व्यापारी हुशार होते.

अण्णा: तो कोळसा गेला कुठं, असं तुम्ही विचारत नाही.

बाई: मला ठाऊक आहे कुठं गेला. आमच्या बोळाच्या तोंडाशी वखार होती. बंबाला ढलप्या लागायच्या, शेगडीला कोळसा. आई चाळणीनं चाळून घ्यायची, चूर निघाला तर वखारवाल्याशी भांडायची. पण यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं, अण्णा. पुण्यात माणसं वाढली म्हणून बंब वाढले, बंब वाढले म्हणून तुमचा हिरडा पडला. मागणीच्या मुळाशी शेवटी डोकीच आहेत.

अण्णा: मग मला सांगा, आज पुण्यात डोकी पाचपट झाली. बंब किती राहिले?

बाई: गॅस आला.

अण्णा: गॅस आला, गीझर आला, वखारी बंद झाल्या. माणसं वाढत गेली आणि कोळसा कमी होत गेला. तुमच्या नियमात हे कुठं बसतं? हा समोरचा कणीसवाला कोळसा वापरतोय तो बहुतेक वेड्या बाभळीचा असेल. ती कितीही तोडा, मरत नाही.

बाई: मग गडचिरोलीचं काय? २०११ ला तिथं चौरस किलोमीटरला ७४ माणसं होती, आणि जिल्ह्याचा जवळजवळ सत्तर टक्के भाग जंगल. आपल्या पुणे जिल्ह्यात ६०३ माणसं. माणसं विरळ तिथं जंगल दाट, हे नकाशावर दिसतंय.

अण्णा: तुमच्याच नकाशात लातूर दाखवा.

बाई: लातूरला काय?

अण्णा: घनता पुण्याहून किती कमी!

बाई: ३४३.

अण्णा: आणि जंगल एक टक्कासुद्धा नाही. पुण्यात माणसं लातूरच्या पावणेदोन पट आणि तरी दहा टक्क्यांच्या वर जंगल आहे. पाऊस कुठं पडतो, डोंगर कुठं आहे, जमीन नांगराला देण्याजोगी होती की नाही, यावर ते ठरतं. नुसत्या डोक्यांवर नाही. आणि लातूर-बीडची पोरं इथं पुण्यात येऊन राहिली, तिकडं माणसं कमी झाली, म्हणून तिकडं रान उगवलं का?

इथं बाई गप्प बसतात, पण हरल्या म्हणून नव्हे. प्रगणकाला एक सवय असते, पुढचा रकाना भरायचा. (आपल्याकडच्या लोकसंख्येच्या चर्चेत हा पुढचा रकाना क्वचितच भरला जातो. माल्थसनं १७९८ मध्ये भीती घातली, पॉल एर्लिकनं १९६८ मध्ये तिला बॉम्बचं नाव दिलं; त्याआधीच, १९६५ साली, एस्टर बोसरप नावाच्या डॅनिश बाईंनी उलट मांडणी केली होती, की माणसं वाढली की ती जमीन जास्त जपून कसायला शिकतात. पहिली दोन नावं आपल्याला पाठ असतात, तिसरं नसतं.)

बाई: बरं, ते सोडा. राळेगणसिद्धी, हिवरेबाजार यांना तर मानता ना? कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान आणि नसबंदी. आदर्श गावाच्या पंचसूत्रीत कुऱ्हाडबंदीच्या शेजारी नसबंदी उगाच ठेवली का?

अण्णा: उगाच नाही. गाव आपलं रान आपण राखणार असेल तर खाणारी तोंडं किती ते त्यानं बघावंच. पण तिथं नियम करणारे आणि पाळणारे एकाच पारावर बसतात. इथं धरणाच्या वर राहणारे आम्ही, धरणाखाली राहणारे तुम्ही. नसबंदी कुणाची करायची?

बाई: कुणाचीच करायची गरज उरलेली नाही, तोच तर माझा मुद्दा आहे. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत महाराष्ट्रात बाईमागं सरासरी २.९ मुलं होती. २०१९ ते २१ च्या पाहणीत १.७. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचा दवाखाना काढला तेव्हा लोक तोंडावर दार लावायचे. शंभर वर्षांत कर्वे जिंकले.

अण्णा: जिंकले ना? मग मघापासून लोकसंख्येच्या नावानं का ओरडताय?

बाई: कारण आकडा अजून चढतोय. आधी जन्मलेली माणसं आहेत, आयुष्य वाढलंय, आणि पुण्यात बाहेरून येणारे आहेत.

अण्णा: आणि नातीला भाऊ हवा म्हणून सुनेच्या मागं कोण लागलंय?

बाई: तो वेगळा विषय आहे.

अण्णा: मी काही म्हणत नाही. १.७ ला तुमचा हातभार लागावा एवढीच इच्छा.

बाई: समोर बघा. ती झाडी कशामुळे आहे? १९४९ च्या ऑक्टोबरात नेहरूंनी प्रबोधिनीची पायाभरणी केली. मुंबई सरकारनं आठ हजार एकरांच्या आसपास जमीन दिली. माणसांना आत यायला बंदी, चराई बंद, तोड बंद. मोर आहेत, बिबट्या आहेत. माणूस बाजूला केला की जंगल राहतं, याहून सरळ पुरावा कुठला?

अण्णा: आत माणसं नाहीत? छात्र आहेत, अधिकारी, मास्तर, आचारी, त्यांची बिऱ्हाडं आहेत. एखाद्या मोठ्या गावाएवढी वस्ती आहे ती. पण त्यातल्या एकालाही तिथला गुंठा विकता येत नाही. भिंतीच्या आत आणि बाहेर फरक आहे तो हाच. कुंपणाच्या या बाजूला डोंगर दर पाच वर्षांनी नव्या मालकाचा होतो.

बाई: म्हणजे लष्कराच्या ताब्यात दिलं की जंगल वाचतं, असं म्हणायचंय?

अण्णा: छे. कुंपणातलं जनावर कुंपणापुरतंच वाचतं. ९ डिसेंबर २०२० ला कोथरूडला महात्मा सोसायटीत गवा आला होता, आठवतंय ना? हजारभर माणसं मोबाइल घेऊन मागं. बेशुद्ध करून पकडला आणि मेला. माझा जीव तुटला तेव्हा. रानातला गवा मी कैक वेळा समोरून पाहिलाय; त्याला वाट दिली की तो जातो.

बाई: त्याला वाट दिली नाही कारण वाटच उरली नव्हती. रस्ते, सोसायट्या. पुन्हा माणसांवरच येतो आपण.

अण्णा: घरांवर येतो. घरं आणि माणसं एक नव्हेत. तुम्ही घरयादी करायचात. रिकामं घर दिसलं की काय लिहायचात?

बाई: तेच. ‘रिकामं’.

अण्णा: आमच्याकडं वरसगावच्या पाण्याकाठी चला, हा शेरा लिहून हात दुखेल. मोसे खोऱ्यात लवासा झालं. २०१० ला केंद्राच्या पर्यावरण खात्यानं नोटीस दिली, २०११ ला अटी घालून मंजुरी दिली, २०१८ ला कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात. डोंगर कापून घरं बांधली. त्यांतल्या किती घरांत चूल पेटते? आणि ते मोठं नाव आहे म्हणून लोकांना माहीत. पानशेत रस्त्याला फार्महाउसच्या पाट्या मोजा. बारा महिने कुलूप, शनिवारी उघडतं. आमचा वेल्हे तालुका, आता राजगड म्हणतात, २०११ ला अख्ख्या तालुक्यात पंचावन्न हजारांच्या आत माणसं. पोरं सगळी तुमच्या पुण्यात. माणसं वाढेनात आणि डोंगर मात्र कापले जातायत. हे कुठल्या रकान्यात लिहाल?

बाई: पुण्याच्या रकान्यात. अहो, फार्महाउस कोण घेतं? पुणेकर. पुण्यात पन्नास-साठ लाख माणसं नसती तर शनिवारी उघडायला कुलूप कोण घेऊन आलं असतं? मी कधी म्हटलं की वेल्ह्याची लोकसंख्या वेल्ह्याचं जंगल खाते? खडकवासल्याच्या खाली जमलेली लोकसंख्या खडकवासल्याच्या वरचं जंगल खाते.

अण्णा: हे मघाशी म्हणाला असतात तर भांडण कशाला झालं असतं?

बाई: तुम्ही बोलू दिलंत तर! आता पाण्याचं गणित बघा. माझ्याकडे कागद नाही, तोंडीच सांगते. २०११ ची एकतीस लाख माणसं, माणशी रोज दीडशे लिटर धरा. वर्षाला सहा टीएमसी होतात. आज लोकसंख्या दुप्पट धरली तर बारा. चारी धरणं मिळून, म्हणजे पानशेत, वरसगाव, टेमघर आणि हे खडकवासला, साठा २९.१५ टीएमसी. त्यात खालच्या दौंड-इंदापूरचा शेतीचा हिस्सा.

अण्णा: शहराला मंजूर किती होतं?

बाई: साडेअकरा.

अण्णा: आणि उचलतं अठराच्या वर. बारा डोक्यांमुळे समजू. वरचे सहा कुणाचे? गळती, टाक्या भरून वाहणं, दारातली गाडी रोज धुणं. ते डोक्यात धरता का तुम्ही?

बाई: धरत नाही. पण पहिले बारा तुम्ही सोडून देता, आणि ते मोठे आहेत.

माझा कल विचाराल तर तो या टप्प्यापर्यंत अण्णांकडे होता. पाण्याच्या हिशेबात मात्र बाईंचं पारडं जड आहे. लाकडाला पर्याय निघाला, कोळशाला निघाला. पाण्याला निघालेला नाही. आणि ते पाणी साठतं त्या धरणांच्या वरचा उतार उघडा असेल तर पावसाबरोबर माती खाली येते. खडकवासल्याचं मूळ धरण एकोणिसाव्या शतकातलं, १८६९ नंतरच्या दशकात बांधलेलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा तेही फुटलं आणि पुन्हा बांधावं लागलं. त्याची साठवण आज दोन टीएमसीलाही पुरती भरत नाही. एवढ्याशा भांड्यात गाळ परवडत नाही. तेव्हा वरच्या खोऱ्यातल्या झाडांशी सगळ्यात जास्त मतलब कुणाला असेल तर तो धायरी-वडगावच्या नळाखाली बादली लावणाऱ्याला. हे त्याच्या पाणीपट्टीत कुठं लिहिलेलं नसतं.

अण्णा: आणखी एक. बंब गेला म्हणून आपण जंगल खायचं थांबलो असं नाही, दूरचं खायला लागलो. आपल्या पोरांच्या फ्लॅटच्या चौकटी बघितल्यात? मी बघितल्या. सागाच्या नाहीत. बिल्डरला विचारलं तर म्हणाला, मलेशियाचं लाकूड आहे. प्लायवूड यमुनानगरकडचं, ते शेतातल्या पॉपलरचं, त्याचं काही नाही. आणि ही भजी तळतात ते पामतेल. त्यासाठी इंडोनेशियात काय झालं ते पेपरात येतं. बाहेरून पामतेल घेणारं जगातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आपला देश आहे.

बाई: म्हणून आता भजी पण खायची नाहीत?

अण्णा: खा. पण सहाव्या भज्याला लोकसंख्यावाढ म्हणू नका.

बाई: तुमची वनखात्याची झाडं तरी कुठं धड आहेत? सिंहगडाच्या उताराला, पुण्याच्या टेकड्यांवर जिकडंतिकडं गिरिपुष्प. फुलतं तेव्हा छान दिसतं, बाकी त्याखाली काही उगवत नाही म्हणतात.

अण्णा: म्हणतात ते खरं आहे. लावलंय आम्हीच. लक्ष्यांक असायचा, इतकी रोपं, इतके हेक्टर. गिरिपुष्प गुरं सहसा खात नाहीत, पटकन येतं, वरून हिरवं दिसतं. फॉरेस्ट सर्व्हेच्या उपग्रहाला ऐन काय आणि गिरिपुष्प काय. एक हेक्टर जागा आणि दहा टक्क्यांवर सावली, की झालं वनाच्छादन. मालकी कुणाचीही असो, झाड कुठलंही असो. २०२१ च्या अहवालात महाराष्ट्र १६.५१ टक्के. आमराईसुद्धा त्यात येते.

बाई: आणि वणवे? तुमच्याच गावचे लोक लावतात ना? जाळलं की गवत चांगलं येतं म्हणून?

अण्णा: लावतात काही जण. पण पूर्वी वणवा लागला की विझवायला अख्खी वाडी धावायची, कारण रानात त्यांचं गवत असायचं, राब असायचा. आता वाडीत म्हातारी चार. जाळरेषा काढायला मजूर मिळत नाही. माणूस कमी झाला की जंगल आपोआप वाढतं, हे शहरातल्या माणसाला वाटतं. राखणारा माणूस कमी झाला तर जळतं ते. म्हणून तर म्हणतो, डोकी मोजताना ती कुठं उभी आहेत ते लिहा.

बाई: मघाशी फोन कुणाचा होता? तुम्ही उठून लांब गेलात.

अण्णा: धाकट्या भावाचा. वरच्या डोंगराची नऊ एकर आहे, तिला गिऱ्हाईक आलंय. पुण्याची पार्टी. प्लॉट पाडून गुंठ्यानं विकणार.

बाई: तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे की.

अण्णा: आहे. गुंठेही तेव्हापासून विकले जातायत.

बाई: सातबाऱ्यावर नावं किती?

अण्णा: आजोबांचं एकट्याचं होतं. मग वडील आणि दोघं चुलते. आता बहिणी, चुलतबहिणी, विधवा चुलत्या धरून एकवीस.

बाई: एकवीस! आणि मघापासून मला लातूर-गडचिरोली ऐकवताय? नऊ एकर म्हणजे ३६० गुंठे. एकवीस जणांत माणशी सतरा गुंठे डोंगर. सतरा गुंठ्यांत ना नाचणी परवडत, ना राबाचं रान राखता येत, ना वाटप करून हद्दीचे दगड लावणं परवडत. विकण्याखेरीज त्याचं काही होत नाही. लोकसंख्येनं कुऱ्हाड हाती घेतली नसेल, अण्णा, पण सातबारा तिनंच फाडला.

अण्णा: हे बरोबर आहे तुमचं.

बाई: लिहून द्या.

अण्णा: विकत घेणाऱ्याला मूल एक आहे, हेही त्याखाली लिहितो.

बाई: बाकीच्यांचं काय म्हणणं?

अण्णा: बहुतेकांच्या सह्या झाल्या. दौंडची बहीण तर घाईला आली आहे. धरणात जमीन गेली म्हणून तिच्या सासऱ्यांना तिकडं मिळाली होती. आता कालव्याच्या शेपटाला पाणी पोचत नाही. तिला पोराचं कर्ज फेडायचंय.

बाई: पाणी पोचत नाही कारण इथं तुमची-माझी नात दोनदा शॉवर घेते, असं म्हणा.

अण्णा: तुम्ही म्हणालात. मी भावाला सांगितलं, माझा हिस्सा मोजून बाजूला काढा, तो मी रान म्हणून ठेवणार.

बाई: सतरा गुंठ्यांचं रान? तुमच्या सर्व्हेत जंगल व्हायला एक हेक्टर लागतं, आताच म्हणालात.

अण्णा: म्हणजे शंभरेक गुंठे.

बाई: म्हणजे सहा जण हवेत. मोजा बघू. एक तुम्ही.

अण्णा: धाकटा नाही, त्यानंच पार्टी आणली. दौंडची नाही. चुलतभाऊ मुंबईला असतो, त्याला जमीन कुठं आहे तेच माहीत नाही, तो कदाचित.

बाई: दीड धरते. आणि माझा जावई?

अण्णा: मी आहे तोवर त्याचं नाव लागत नाही. लागलं तरी तो प्लॉटच मागेल, शनिवारी जायला.

बाई: मग चुलतभावाचा नंबर द्या. प्रगणकाला कुणीही लगेच फोन ठेवत नाही.